तिसऱ्या फाट्याचं पाणी

पूर्णा नदीच्या खाऱ्या पट्ट्यात एक घर होतं. घरात प्रीतम, त्याची बायको संध्या आणि त्याची आई चतुराबाई. विहिरीचं पाणी असं खारं, की त्यात डाळ शिजत नसे. त्या पाण्यानं प्रीतमच्या किडन्या गेल्या. नळाला महिनाभर पाणी नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, गोडं पाणी पाजा, नाहीतर माणूस हातचा जाईल.

चतुराबाई म्हणाली, "नाल्याले तीन फाटे होते, बाई. दोन खारे, तिसरा साखरेवानी. तो बुजवून लोकायनं वावर केलं."

"मंग आता काहून सांगता?"

"पोराचा जीव चालला, तवा आठवलं."

वैशाखातली भर दुपार. संध्या पाण्याचा गुंड, पितळी घडा, घेऊन कोरड्या नाल्यानं वर निघाली. रेतीचा चटका चपलेतून लागे. पाखरू नाही, पानाचा आवाज नाही. फाट्यांपाशी येऊन ती थबकली. डावा, उजवा... आणि मधून तिसरा. तिकडून ओल्या मातीचा वास आला.

आत एक बाई पाठमोरी बसून हातानं रेतीत पाण्याचा झिरा उकरत होती. जवळ तिचा भरलेला गुंड.

"कोणाची वं तू?"

"प्रीतमची."

"भर."

संध्यानं भरलं, चाखलं. गोडं. भरला गुंड एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीनं हात लावावा लागतो. बाईनं उचलून दिला. तिची बोटं वैशाखातही गार होती.

"आता माहा कोण उचलून दिन?" बाई हळूच म्हणाली. "लय वर्सं झाली... कोणी येतच नाही..."

डोक्यावर ओझं, घरी नवरा. संध्या म्हणून गेली, "येतो ना, माय. रोज येतो... रोज उचलून देईन."

थोडं पुढं जाऊन तिनं मान वळवली. मागे नुसतं नांगरलेलं वावर.

दुसऱ्या दुपारी मात्र फाटा होता. बाईही होती. संध्या शब्दाला जागली.

त्या पाण्यानं प्रीतम उठून बसला, मग कामाला लागला. ते वावर ज्याचं, त्या शेषरावानं त्याच जागी विहीर खोदू दिली. छातीभर खोलीवर गोडं पाणी लागलं. साऱ्या गावाची तहान भागली. संध्याला मुलगी झाली. घराचं सोनं झालं.

आता मोटार आहे, पाणी नळीनं घरात येतं. तरी भर दुपारी संध्या विहिरीच्या काठावर जाते, रिकाम्या जागी वाकते, आणि दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून कोणाच्या तरी डोक्याच्या उंचीवर ठेवते. दंडाच्या शिरा ताठतात. मनगटावरून पाणी ओघळतं. बाया लांबून पाहतात.

पहिल्या साली ती एकदाच उचलायची. यंदा दर खेपेला डोक्याची उंची निराळी असते; किती वेळा उचलते, ते मोजणं बायांनी सोडून दिलं.