दाराच्या आतली तारीख

मुलुंडला थंडी पडते हे मुंबईत कुणाला सांगून पटत नाही. दादरचा माणूस तर तोंडावर हसतो. पण आमची शेड आग्रा रोडला, चेकनाक्याच्या अलीकडे, आणि जानेवारीत पहाटे येऊरच्या डोंगरावरून गारवा असा उतरतो की पत्र्याला हात लावला तर पत्रा चावतो. रंगाऱ्याला हे दिवस वाईट. एरवी सकाळी मारलेला रंग संध्याकाळी सुकतो, थंडीत तो दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो. मग आम्ही कोळशाची शेगडी गाडीजवळ सरकवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, घाई करू नका साहेब, थंडी आहे.

हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. एकदा कोर्टातही बोललो.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत विद्याधर सामंत आपली जुनी फार्गो दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत घेऊन आला. त्याचे वडील, भाऊ सामंत, आदल्या वर्षी वारले होते. ट्रान्सपोर्टच्या धंद्यातली त्यांची ही पहिली गाडी, विद्याधरच्या जन्माआधीची, गोल नाकाची. सात-आठ वर्षं गोदामामागे गवतात उभी होती. फेब्रुवारीत जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती. तीत त्याला ही गाडी वडिलांचा फोटो लावून चालवायची होती.

"भाऊंच्या वेळी होती तश्शी करा," तो म्हणाला. "तोच हिरवा. तुम्हीच रंगवली होतीत ना, पेंटर?"

"मीच," मी म्हणालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. शेडची जागा भाऊंनीच मिळवून दिलेली, पहिली गिऱ्हाइकंही त्यांनीच पाठवलेली.

पत्र्याचं काम अर्थात दत्तारामचं. दत्ताराम परब, कुडाळकडचा, माझ्याच वयाचा, बाजूच्या शेडमधला डेंटर. हातोडीने पत्रा असा सरळ करतो की मला पुट्टी लावायला जागाच ठेवत नाही, आणि त्यावरून मी त्याला शिव्या घालतो. नऊ वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा पितोय. त्याआधी तो ट्रक चालवायचा. म्हणजे तुरुंगात जायच्या आधी.

ती गोष्ट सगळ्या नाक्याला ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीची सोळा तारीख, पहाट, दाट धुकं. काशीराम नावाचा कामगार रात्रपाळी संपवून सायकलने घरी चालला होता, त्याला एका ट्रकने उडवलं. मागून दत्ताराम आपला ट्रक घेऊन येत होता. तो थांबला. काशीरामला उचलून केबिनमध्ये घेतलं, स्वतःचा स्वेटर त्याच्या अंगावर घातला आणि हॉस्पिटलात नेलं. काशीराम वाटेतच गेला. दत्ताराम पोलिसांना सांगत राहिला, पुढे हिरवी फार्गो होती, ती थांबली नाही. पण रक्त त्याच्या केबिनमध्ये सांडलेलं, आणि हिरवी फार्गो त्या भागात एकच, भाऊंची. ती तर बारा तारखेपासून माझ्या शेडमध्ये रंग सुकायला उभी होती. तसं दारावर लिहिलंच होतं.

आम्हा रंगाऱ्यांची एक सवय असते. शेवटचा हात मारून झाला की ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या अक्षरांत नाव आणि तारीख घालायची. 'जयवंत पेंटर, १२-१-७४.' हवालदाराने ते उतरवून घेतलं. दाराला टेकलेलं बोट त्याने वर करून पाहिलं, बोट हिरवं झालं होतं. मी म्हणालो, "थंडी आहे साहेब. चार-पाच दिवस झाले तरी सुकत नाही." पुढे तेच कोर्टात, शपथेवर.

खरं असं, की भाऊ सोळा तारखेलाच पहाटे सहाला गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. स्वतः चालवत होते. डावं मडगार्ड आत गेलेलं. "जयवंत, माझी तीन पोरं आहेत," एवढंच म्हणाले. मी पत्रा जमेल तेवढा बाहेर काढला, वर पुट्टी थापली, दिवसभरात गाडीवरून हिरवा हात फिरवला आणि दारावर चार दिवसांपूर्वीची तारीख घातली. वाटलं, दत्ताराम सुटेलच. त्याने तर बिचाऱ्याने मदत केली. त्याला दोन वर्षं झाली. लायसन्स गेलं ते गेलंच.

याहून वाईट पुढे आहे. सुटून आल्यावर तो माझ्यावर रागावला नाही. "तू कशाक खोटा बोलशीत?" म्हणाला. "दारावर तारीख होती. धुक्यात माझेच डोळे चुकले असतले." मग वर्षावर्षाने हे वाक्य बदलत गेलं. चुकले असतील. चुकले. आणि अलीकडे एकदा चहा पिता पिता, "जयवंता, कदाचित मीच उडवलंय रे त्याका." मी कपात बघत राहिलो. मी एक वाक्य बोललो असतो तर त्याचे डोळे त्याला परत मिळाले असते. ते वाक्य रोज माझ्या तोंडापर्यंत यायचं आणि चहाच्या घोटाबरोबर परत जायचं. माझी मला किळस यायची. तरी मी दुसरा कप घ्यायचो.

म्हणून फार्गो आली त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल? दत्ताराम जेवायला गेल्यावर ते दार उघडलं. तारीख तशीच होती. मी ती पत्र्यापर्यंत खरवडली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर चढवला. चोराच्या मनात चांदणं. भर दुपारी मी तीनदा मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळं दार सुकलं होतं, तो कोपरा सोडून. मी शेगडी तिकडे सरकवली. संध्याकाळी हात लावला तर कोपरा ओलाच, आणि गार. दिवसभर शेगडी सोसलेला पत्रा इतका गार राहत नाही.

तिसऱ्या दिवशी प्रायमरमधून काळसर रेघा वर आल्या. खालचा जुना रंग वरच्या रंगातून फुटतो, आमच्या धंद्यात यात नवल नाही. लाल तर हमखास फुटतो. पण त्यासाठी खाली रंग असावा लागतो, आणि तिथे मी कोरा पत्रा केला होता. मी पुन्हा पेपर मारला, पुन्हा प्रायमर दिला. चौथ्या दिवशी आकडे वाचता आले.

१६-१-७४.

अक्षर माझंच. माझ्या सहाची शेपूट लांब जाते, त्यावरून शाळेत मास्तरांचा मार खाल्लाय. पण त्या दारावर सोळाचा आकडा मी कधी लिहिला नव्हता.

त्याच दिवशी दत्तारामने डाव्या मडगार्डवरची जुनी पुट्टी काढली आणि मला हाक मारली.

"हय बघ. जबर मार बसलेलो. आणि कोणा गाढवान घाईत भरून ठेवलेलो हा."

गाढव त्याच्या शेजारीच उभं होतं.

त्याने खड्ड्यावरून तळवा फिरवला, दोनदा. आपण अक्षरं वाचतो तसा त्याला पत्रा वाचता येतो. "सायकलचा हँडल असा लागता," तो म्हणाला. मग त्याने मान हलवली. "नाय. आधीचो असात. तू बारा तारखेक रंगवलंस ना." आणि हातोडी उचलली. त्याला थांबवायला हवं होतं. मी शेगडीत कोळसे घालत बसलो. दुपारपर्यंत त्याने मडगार्ड असं सरळ केलं की कुठे खड्डा होता ते मलाही दाखवता आलं नसतं.

मग हिरव्याचे तीन हात चढले. प्रत्येक हातातून तारीख वर आली, आधीच्यापेक्षा ठळक. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसली तर फडक्याला रंग लागत नव्हता, नुसतं थंड पाणी लागत होतं. मी स्वतःची समजूत घातली. दव असेल. पत्रा जुना आहे. माझं वय झालं, धुकं आहे, डोळे चुकले असतील.

हे वाक्य कुणाचं ते आठवलं आणि माझा पुसता हात थांबला.

नवव्या दिवशी सकाळी विद्याधर गाडी बघायला आला. खूश झाला. चारी बाजूंनी फिरला, दार उघडलं आणि वाकला.

"पेंटर, हे सोळा-एक-चौऱ्याहत्तर काय आहे? नाव घाला तुमचं, पण तारीख आत्ताची घाला ना."

"तुम्हाला दिसतंय?"

"म्हणजे काय? एवढं ठळक लिहिलंय."

तो गेल्यावर मी फार्गोच्या पायरीवर बसलो. भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते मोकळं. दुसऱ्या माणसाने वाचली होती. म्हणजे ती होती. आता दत्तारामला फक्त त्या दारापर्यंत न्यायचं.

मी त्याच्या शेडमध्ये गेलो.

"दत्ता, हातोडी ठेव."

त्याने ठेवली.

"तू हिरवी फार्गोच बघितली होतीस. हीच. भाऊ चालवत होते. मी सोळाला रंगवली आणि बारा तारीख घातली. कोर्टात खोटं बोललो. तू कुणाला उडवलं नाहीस, दत्ता."

त्याने मला मारावं, असं मला मनापासून वाटत होतं. पण त्याचे डोळे भरून आले आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्यासाठी एवढा खोटा बोलतंस, जयवंता? मेलेल्या माणसाच्या माथी मारतंस?"

"खोटं नाही रे!"

"माका आता सगळा आठवता. चाकाखाली धक्को बसलेलो. सायकल वाजलेली. रोज ऐकतंय मी."

"मडगार्ड बघितलंस ना तू? तूच म्हणालास, सायकलचं हँडल!"

"मडगार्ड सरळ हा," तो म्हणाला. खरंच होतं. त्यानेच केलं होतं.

मी त्याला हात धरून ओढलं. "चल. दारावर खरी तारीख आलीय. विद्याधरने पण वाचली. तू चल फक्त."

फार्गो उन्हात उभी होती. मी दार उघडलं.

तो वाकला. मीही वाकलो.

"बघ," तो हळूच म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "बाराच हा."

जयवंत पेंटर, १२-१-७४.

मी नखाने खरवडलं. मग खिशातल्या किल्लीने. तो कोपरा नऊ दिवसांत पहिल्यांदाच कोरडा होता. रंग जुना होता, कडक, अकरा वर्षं मुरलेला. ओरखडासुद्धा उठला नाही.

बाकीचं दार अजून ओलं होतं. दत्तारामने आपलं फडकं काढलं आणि माझी हिरवी झालेली बोटं एकेक करून पुसली.