ताटलीतला शेवटचा तुकडा

रुकेनचा प्रबंध विद्यापीठातल्या भिंतीवरून गायब झाला होता. मागे उरला होता नुसता खिळा.

"इथल्या प्रथेप्रमाणे काल सगळ्यांसमोर मीच तो भिंतीवर ठोकला," ती म्हणाली. "तोंडी परीक्षेआधी तो तीन आठवडे इथे टांगलेला राहिला नाही, तर परीक्षाच रद्द. आणि प्राध्यापक रीडक्विस्ट म्हणतात, तक्रारीला वजन यावं म्हणून मीच काढला."

तक्रार त्यांच्याचविरुद्ध होती. तिचं संशोधन त्यांनी स्वतःच्या नावावर छापलं होतं आणि वर, ती स्थलांतरित घरातली म्हणून, "तुमच्या लोकांना शिस्त नसते" हेही ऐकवलं होतं.

खासगी तपासनीस गुनवोर लिंडहागेन शेजारच्या छोट्या स्वयंपाकघरात कालच्या समारंभातल्या केकची ताटली न्याहाळत होती. ताटलीत बदामी केकचा कागदासारखा पातळ काप उभा होता.

"तू निघालीस तेव्हा एवढंच उरलं होतं?"

"नाही, अख्खा तुकडा होता. सगळ्यांत शेवटी मीच निघाले. बदामाने माझा घसा सुजतो, म्हणून मी केकला हात लावला नाही."

"चोरी प्रबंधाची, आणि तू केक मोजत बस," आल्वार कुरकुरला. तो गुनवोरचा जोडीदार, पोलिसातून निवृत्त झालेला. त्याला मनातून रुकेनचाच संशय येत होता.

संध्याकाळनंतर या मजल्याची किल्ली तिघांकडेच असे: रुकेन, रीडक्विस्ट आणि हॉलंडहून आलेला संशोधक योस्ट.

गुनवोरने ताटलीत दालचिनीचा एकच बन ठेवला आणि योस्टला कॉफीला बोलावलं.

"नोकरी एकच आहे आणि ती मलाही हवीय, हे खरं," योस्ट म्हणाला. "पण मी तिला मुलाखतीत हरवीन. चोऱ्या कशाला करू?" बोलता बोलता त्याने बन फस्त केला. "अरे, तुम्हाला हवा होता का?"

तो गेल्यावर आल्वार म्हणाला, "हाच. भूकही आहे आणि कारणही."

गुनवोरने नवा बन ठेवला. रीडक्विस्ट आले.

"मी टाळ्या वाजवल्या आणि थेट घरी गेलो. केकला थांबलोच नाही," ते म्हणाले. मग सुरीने त्यांनी बन अर्धा कापून घेतला, आणि थोड्या वेळाने उरलेल्याचाही अर्धा.

दुपारी विभागप्रमुख सोल्वेग नूर्डेन यांच्यासमोर सगळे जमले.

"आल्वार, चारचौघांत शेवटचा तुकडा तू उचलतोस का?" गुनवोरने विचारलं.

"छे. आईने हातावर फटका दिला असता. अर्धा घ्यायचा, मग त्याचाही अर्धा."

"या देशात आपण सगळे असेच वाढलो. बघायला कोणी नसलं तरी हाताची सवय सुटत नाही. रुकेन निघून गेल्यावर कोणीतरी इथे आलं, आयता केक दिसला, मोह झाला. किल्ल्या तिघांकडे. योस्ट शेवटचा घास बिनदिक्कत खातो. रुकेनला बदाम चालत नाहीत. आणि रुकेनला सोंगच करायचं असतं, तर तिने प्रबंध फाडून ठेवला असता, केक कशाला कापत बसली असती? उरलं कोण?"

"केकवरून माणसाला चोर ठरवता?" रीडक्विस्ट तडकले. "आणि मी तो फाडलेला नाही, कपाटात नीट..."

ते थांबले, पण उशीर झाला होता. रुकेनवर संशय घेतल्याची आल्वारला लाज वाटली.

सोल्वेगने घसा साफ केला. "रुकेन, प्रबंध आत्ता परत लागेल आणि परीक्षा ठरल्या दिवशी होईल. तक्रार मात्र आता घरातल्या घरात मिटवू या."

रुकेन उठून उभी राहिली. "माझं निभावलं. पण सप्टेंबरात यांच्या हाताखाली दोन नव्या मुली येताहेत. त्यांना हे कोणी सांगायचं? तक्रार मी मागे घेणार नाही."

मग सोल्वेगने रीडक्विस्टकडे न बघता चौकशी समितीला फोन लावला.