वाट पाहणारं रक्त

डॉ. वसुधा रोडगे खोलीत शिरल्या तेव्हा नागपूरच्या रक्तकर्करोग संस्थेचे संचालक डॉ. त्र्यंबक पाळधीकर पलंगावर टेकून बसले होते. हाताला औषधपंप. गेल्याच आठवड्यात त्यांनाही तीव्र रक्तकर्करोग निघाला होता. जीभ मात्र होती तशीच होती.

"पुन्हा तो भामरागडचा मास्तर?"

"साईनाथ मडावी, सर. जनुकवाचकानं त्याला लाल ठरवलंय. म्हणून त्याला जहाल औषध नाही, मज्जारोपण नाही."

"पेशीतली कोणती जनुकं किती जोरात बोलतात, ते यंत्र ऐकतं. लालवाले जगत नाहीत, रोडगेबाई. आजवरचे आकडे बघा."

"लाल म्हटलं की तुम्ही औषध थांबवता. मग जगतील कसे?"

"नळावरची भांडणं इथं नकोत."

वसुधाबाईंनी आवाज चढवला नाही. "नळीत काढलेलं रक्तही जिवंत असतं. तासन्‌तास पडून राहिलं की पेशी गुदमरतात, संकटाची जनुकं चालू करतात. भामरागडची नळी इथं पोचायला अख्खा दिवस जातो. तुमचं यंत्र रोग वाचत नाही, रस्ता वाचतं."

"माझा निकाल हिरवा आला. तो कोणत्या रस्त्यानं आला?"

"साहेबांची नळी सगळ्यांच्या आधी यंत्राला लावायची, ही इथली रीत आहे."

पाळधीकर हसले. वसुधाबाईंनी हातातल्या टॅबलेटचा पडदा त्यांच्यापुढे धरला; त्यावर एका रोग्याचा निकाल होता. नावाच्या जागी, नेहमीप्रमाणे, नुसता संकेतांक होता.

"गडद लाल," ते म्हणाले. "कुठला हा? एटापल्लीचा?"

"तुमचा निर्णय, सर?"

"वेदनाशामक द्या आणि घरी पाठवा. खाट अडवायला नको." त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला.

त्यांच्या हाताचा पंप एकदा वाजला आणि थांबला.

लाल आदेश निघाला की त्या रोग्याचं औषध आपोआप बंद व्हायचं. वशिलेबाजी नको म्हणून ही योजना पाळधीकरांनीच केली होती. एकट्यादुकट्याला सूट द्यायची सोय त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती.

"सोमवारी तुमच्या रक्ताच्या दोन नळ्या काढल्या होत्या," वसुधाबाई म्हणाल्या. "एक तेव्हाच लावली. दुसरी भामरागडहून यायला लागते तेवढा वेळ टेबलावर ठेवून मग लावली."

"पंप चालू करा."

"मला करता येत नाही. जनुकवाचकाचा निकषच रद्द करावा लागेल. सगळ्यांसाठी. तो अधिकार फक्त तुमचा."

पाळधीकरांनी पडद्यावर निकष रद्द करण्याचा आदेश उघडला. मग त्यांनी पुन्हा अंगठा पुढे केला. नळीतून थेंब पडू लागला.

"मास्तरला बोलावून घ्या," ते म्हणाले. "आणि उद्यापासून तुम्ही इथं येऊ नका."