मुळाराणीचा उजवा पाय

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मीच होता.

खाणीच्या तळाशी एका पालथ्या खोक्यावर मुळाराणी बसली होती. पिवळाजर्द अंगरखा, पाठीवर हिरवी झूल, कमरेला लोणच्याच्या बरणीवर ठेवतात तसला दगड. मुखवटा मांडीवर, हातात भाताचा गोळा. माझाच पोशाख, माझीच उंची, माझेच खांदे... आणि मानेवर एका पुरुषाचं घामानं निथळणारं डोकं.

"गुड मॉर्निंग," तो उठून वाकला. ऊन कलायला लागलं होतं. पण आमच्या धंद्यात पहिली भेट कधीही होवो, ती सकाळच असते.

"तुम्ही... मी आहात?"

"मुखवटा चढला की मी, उतरला की तुम्ही. माझं नाव अराकिदा." मग गोळ्याकडे बघत, जरा ओशाळून, "अर्धा हवाय? पोट तर एकच आहे आपलं."

सिनेमा एका खुळ्या चित्रकथेवरून निघत होता. लोणच्याच्या दुकानातली मुलगी मुरवलेल्या मुळ्याचा घास घेते, मुळाराणी होते आणि अष्टपाद-सरदाराला लोळवते. सरदाराचे आठ हात म्हणजे भंगारातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या नळ्या. आत म्हातारे इनोसे-सान. एकदा शिरले की दोघांनी ओढल्याशिवाय बाहेर येत नसत. पैसा इतका तुटपुंजा की कॅमेऱ्यासमोरचा मुळा दुपारी आमच्याच डब्यात यायचा.

मुखवट्यातल्या उड्या-मारामाऱ्या अराकिदाच्या, आणि त्यासाठी त्याचं काम म्हणजे मला उचलणं — हातांनी नव्हे, अंगानं. मी चालले की तो मागून चालायचा.

"असे मागे मागे का येता?"

"मागे नाही, तुमच्यात येतोय. थांबू नका... आज डावा खांदा पडलाय. झोप नाही झाली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मलाही पाडावा लागेल ना."

मी हसू दाबलं. वर खाणीच्या काठावर कुसळी गवत पांढरं फुललं होतं. वारा आला की सगळं एका कुशीवर वळायचं. माझंही तसंच होत होतं... पण बोलायची सोय नव्हती. करार संपेपर्यंत प्रेमात पडायचं नाही, ही एजन्सीची अट होती. आणि माझ्या मॅनेजर साकाकी-सान घडीच्या खुर्चीत बसून सगळं बघत असत — चहा पिताना, फोनवर बोलताना, डोळे मिटून घेतले तरीसुद्धा.

शेवटच्या दिवशी एकच स्फोट उरला होता. तेवढीच दारू, तेवढाच उजेड.

मुखवटा चढवण्याआधी अराकिदा म्हणाला, "आता बघा हं, तुम्ही कशा जिंकता ते."

तो कड्यावरून झेपावला. मागे आगीचा लोळ उठला, सरदार आठही हात पसरून आडवा झाला, धूर हळूहळू निवळला — आणि धुरातून मुळाराणी दिसली. ताठ उभी. कमरेवर हात. मग तिचा उजवा पाय सावकाश वर आला आणि डाव्या पोटरीवर घासला. एकदा... पुन्हा एकदा. ओढ्यातल्या बगळ्यासारखा.

मी चटकन माझ्याच पायांकडे पाहिलं.

"कट," दिग्दर्शक ओनुकी खूश होते. तेवढ्यात त्सुकुदाबाई पुढे आल्या. एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय की नाही हे बघणं त्यांचं काम. बटण सुटलेलं असलं तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"हा पाय कुठून आला?"

"कुठला पाय?"

"उजवा. हिनं, मिसुझुनं, सबंध सिनेमात एकदाही असा पाय घासलेला नाही."

ओनुकींनी छोट्या पडद्यावर शॉट पुन्हा पाहिला. त्यांची मान लाल झाली. "अराकिदा. मुखवटा काढ."

त्यानं काढला.

"आतल्या माणसानं स्वतःला घरी ठेवून यायचं असतं. कोणी सांगितलं तुला स्वतःचं काही घालायला? आता कापायचं कुठं? धुरातच कापलं तर राणी जिंकली हेच दिसत नाही. दारू संपली, दिवस संपला."

"माझं नाही ते," अराकिदा शांतपणे म्हणाला. "मिसुझु-सानचं आहे. त्या करतात. नेहमी करतात."

"नेहमी? मग कॅमेरा आंधळा आहे का माझा? चूक ती चूक, वर खोटं बोलतोस? पुढच्या भागात हा मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल, सांगून ठेवतो."

अराकिदाचा चेहरा पांढरा पडला. मुखवटा गेल्याची भीती असेल. पण त्याहून खोल काहीतरी होतं. खोटारडा म्हटलं होतं त्याला, आणि तो माझ्याकडे बघत होता. बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं.

"मिसुझु, तू सांग," ओनुकी वळले. "करतेस असं?"

वारा पडला. सगळी माणसं माझ्याकडे वळली. साकाकी-सान खुर्चीतून उठल्या होत्या. त्यांनी मान अगदी हळू, नाही म्हणून हलवली. त्यांना माहीत होतं तर... नाही म्हटलं असतं तर मी वाचले असते. एक शब्द. तो मात्र बुडाला असता, माझ्याच पायापायी.

"करते," मी म्हणाले.

"कधी? मी का नाही पाहिलं?"

"कॅमेऱ्यासमोर नाही करत."

"मग कोणासमोर?"

मी हनुवटीनं अराकिदाकडे दाखवलं. "ते... समोर असले की. आपोआप होतं. दुसऱ्या कोणासमोर नाही होत."

मग जमिनीवरच्या नळ्यांच्या ढिगातून इनोसे-सानचा आवाज आला, "अहो, मला आधी बाहेर काढा. नाहीतर अजून जोरात बोला, इथं नीट ऐकू येत नाही."

ओनुकी हसले नाहीत. त्यांनी डोंगराआड जाणाऱ्या सूर्याकडे पाहिलं. "चेहऱ्याचा एक शॉट बाकी आहे. पायापासून वर जाऊ. पाय घास, म्हणजे जुळलं."

मी उभी राहिले. पाय उचलेना. हुकमानं उचलला तर लाकडाचा वाटायचा.

"उजेड चाललाय," त्सुकुदाबाई म्हणाल्या.

"अराकिदा, कॅमेऱ्याशेजारी उभा राहा."

तो आला. केस कपाळाला चिकटलेले. त्याला आता कळलं होतं. त्यानं नजर चुकवली... आणि परत आणली. माझ्या पायाला काही सांगावं लागलं नाही.

सामान भरताना एजन्सीच्या गाडीचं दार उघडं होतं.

"बस," साकाकी-सान म्हणाल्या. "आत्ता बसलीस तर मी वर काही कळवणार नाही. झालं ते खाणीत राहील."

मी खोल वाकले. "तुमचे उपकार विसरणार नाही. पण ते खाणीत ठेवून नाही जायचं मला."

त्यांनी दाराला हात घातला. "करार मोडलास, मिसुझु. उद्या सकाळी ऑफिसात ये. एकटी ये." दार त्यांनीच लावून घेतलं.

सामानाच्या ट्रकमध्ये अराकिदा एका विटक्या स्वेटरमध्ये बसला होता. मला बघून त्यानं सरदाराचे दोन हात बाजूला सारले आणि जागा केली.

"मला वाटायचं, सगळ्यांसमोर करता," तो म्हणाला. "रोज बघत होतो, तरी..."

"मुखवट्यातून कमी दिसतं म्हणतात."

"मुखवटा काढून बघत होतो हो. जास्त तेव्हाच बघत होतो." मग एजन्सीची गाडी गेली तिकडे बघत, "ऑफिसचं ऐकलं मी. उद्या मीही येतो."

"एकटी ये म्हणाल्यात."

"मग बाहेर उभा राहतो. रस्ता काही त्यांच्या करारात नाही."

ट्रक हलला. तो मागे रेलून बसला होता. पाय ऐसपैस, मान जराशी डावीकडे, अंगठ्यानं बोटांची पेरं चाचपत. त्यात माझं काहीच नव्हतं. असा तो मी कधी पाहिलाच नव्हता. मी माझा अंगठा हळूच पेरांवर ठेवला... आणि त्याच्यासारखा फिरवून पाहिला.