सरजाबाईची ओळ

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या हातून घडलंय. स्वतःची चूक कुणी खोटी सांगतं का?

साल १९९३. मे महिना, भर दुपार. परभणीत स्टेशन रोडला एका खोलीत आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. शहरात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

एका संस्थेचे कारकून भगवानराव फ्लॉपी घेऊन आले. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत एका वस्तीतली घरं जळाली होती. पंधरा वर्षांनी त्या लोकांना घरासाठी जागा मिळणार होत्या. फ्लॉपीत त्यांची यादी होती. एकेका चौकोनात सगळं कोंबलेलं. नाव, बापाचं नाव, गाव, वय.

"नुसती नावं येगळी काढून द्या. आजच यादी पाठवायलोत," भगवानराव म्हणाले.

मी फॉर्म्युला लिहिला. आमच्याकडे बापाच्या नावाआधी "पि." लिहितात. ते शोधायचं आणि त्याच्या आधीचं नाव उचलायचं. ज्या ओळीत "पि." नाही, ती फालतू समजून मॅक्रोनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांनी, पुसून टाकायची.

मॅक्रो चालवला. भराभर नावं उतरली.

शेवटी एक ओळ जास्तीची होती...

सरजाबाई.

बाकी सगळ्यांना अनुक्रमांक होता. हिला नव्हता.

मी ती ओळ पुसली. पुन्हा मॅक्रो चालवला.

पुन्हा सरजाबाई...

तेवढ्यात जळालेल्या कुडाचा वास आला. मी वायरी तपासल्या, प्रिंटर हुंगला. सगळं ठीक होतं. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. रस्त्यावरच्या रिक्षांचाही नाही.

आणि माझ्या अगदी मागून एक म्हातारा आवाज आला...

"नीट बघ की रं, बाबा."

मागे कुणी नव्हतं.

मी घाबरलो. घाबरलो म्हणूनच नीट बघितलं नाही. कसाबसा प्रिंट काढला. त्यातही ती होतीच. मी पेनानं तिचं नाव खोडलं आणि कागद भगवानरावांना देऊन टाकला.

महिन्याभरानं कडूबाई नावाची म्हातारी दारात आली.

"सायब, यादी तुमीच केली म्हनं. आमची नावं कुटं गेली?"

"आमची म्हणजे कुणाची?"

"नवरे मेलेल्या आमी सगळ्या. एकीचंबी नाव न्हाई."

मी मॅक्रो उघडून बघितला. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे "पि." नसतंच. "भ्र." असतं. भ्रतार, म्हणजे नवरा. माझ्या आईच्या नावापुढेही तेच होतं. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

"सरजाबाई कोण?"

"माजी जाऊ. समद्यांची नावं तिनंच फिरफिरून लिवून घेतली. यादी दिली अन् दुसऱ्या दिवशी गेली बिचारी."

मेलेल्या बाईला जागा कशाला हवी होती? ती बाकीच्यांसाठी आली होती. आणि मी तिला खोडलं.

फ्लॉपी माझ्याकडेच राहिली होती, लगेच त्यात "भ्र." शोधून नवी यादी काढली. कडूबाईच्या मते सरजाबाई धरून अकरा जणी. पडद्यावर दहाच आल्या. मूळ फ्लॉपी ओळ न् ओळ वाचली...

सरजाबाई कुठेच नव्हती.

दहा नावं घेऊन मी भगवानरावांकडे पळालो. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"जागा वाटून झाल्या. आता काय करता?"

माझ्यामागून आलेली कडूबाई बाहेर उन्हात थांबली होती. तिला काय सांगायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही.