फळीखालची थाप

दिघीच्या खाडीतून बाहेर पडलं की मी मशीन बंद करून होडीच्या फळीवर बोटांनी टकटक करायचो. त्याने डॉल्फिन येतात, असं पर्यटकांना सांगायचं. डॉल्फिन येतात मासळीमागे. माझ्या टकटकीला ते काडीची किंमत देत नाहीत. पण लोकांना बरं वाटतं. मी कुवेतला बरीच वर्षं एसी दुरुस्त केले. आवाज आला की त्याला कारण असतंच, असं माझं मत होतं.

होडी माझ्या मोठ्या भावाची, आमिरची. पावसाळा सरताना तो एकटाच जाळी टाकायला गेला. होडी मिळाली, तो नाही. तैयबाभाभी इद्दतीला, विधवेने घरात पाळायच्या मुदतीला, बसायला तयार नव्हती. मय्यत दाखवा, मग बसते, म्हणायची आणि रोज त्याचं ताट वाढायची. बघून जीव तुटायचा. उघडा समुद्र एकदा डोळ्यांनी बघेल तर आशा सोडेल, म्हणून मी तिला होडीतून नेलं.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. पहाटे समुद्रावर निघताना आमिर त्या भिंतीवर थाप मारून मला उठवायचा. दोन लगोलग, मग थांबून एक. मी उलट थाप मारली की थांबायचा आणि माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, मी बाहेर येईपर्यंत.

भाभीला नेलं त्या दिवशी वारा पडला होता. डॉल्फिन होते, पण होडीभोवती खेळत नव्हते. लांबवर डोकी वर काढून आमच्याकडे बघत होते. मी सवयीने मशीन बंद केलं.

पायाखाली वाजलं. दोन लगोलग. मग एक.

ओंडका असेल, सुटलेला बोया असेल. मी कारणं शोधत राहिलो. परत वाजलं. माझा हात आपसूक फळीकडे गेला, तसं भाभीने मनगट घट्ट धरलं.

"जबाब देऊ नको, खलील," ती म्हणाली. "जिता नाय तो. आनि त्याला मी नको हाय. तुला उठवतोय."

दुसऱ्या दिवशी ती इद्दतीला बसली.

होडी सोडणं परवडत नाही, दोन्ही घरं तिच्यावर चालतात. टकटक तेवढी मी सोडली. खाडीबाहेर मशीन बंद करत नाही, मोठ्याने बोलत राहतो. तरी तळव्यांना थाप कळते. मला भीती वाटते, दुसरं काय सांगू.

आज पुण्याचं एक नवं जोडपं होतं. मशीन नेमकं तिथेच बंद पडलं.

खालून थाप आली.

"डॉल्फिन वाटतं," नवरा हसून म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत त्याने वाकून फळीवर थाप मारली.

खालचं वाजणं थांबलं. लांबवर दिसणारी डॉल्फिनची डोकी एकदम पाण्याखाली गेली.

मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. जोडप्याला धक्क्यावर सोडून मी घरी आलो.

ओट्यावर, आमिर बसायचा तिथे, ओलं आहे. दुपार झाली. ऊन कडक आहे, आणि ते अजून वाळलेलं नाही.