ताडपत्रीखालचं नाव

आम्हाला फक्त एक नाव हवं होतं!

परदेशी ट्रॉलर आमच्या खाडीच्या तोंडाशी येत, आमच्या गळांच्या दोऱ्या तोडून जाळं ओढत आणि जहाजाचं नाव ताडपत्रीने झाकून ठेवत. तक्रार नेली की मोठ्या बेटावरचे अंमलदार विचारत, "जहाजाचं नाव काय?" नाव नाही, तर खटला नाही. आणखी एक हिवाळा असाच गेला असता, तर फेरो बेटांवरचं आमचं गाव ओस पडलं असतं.

म्हणून दान्यालने होडी काढली. बरोबर त्याचा भाचा हाइनी आणि मी, शाळामास्तर. इंग्रजी वाचता येतं, एवढीच माझी लायकी. मी नको नको म्हणत होतो, पण वाचणारा दुसरा होता कोण?

"मास्तर, लक्षात आहे ना?" होडी ढकलण्याआधी दान्यालने बजावलं. "पाण्यावर सुरीला सुरी म्हणायचं नाही, अपशकुन होतो. धारेची म्हणायचं."

"माहीत आहे हो," मी म्हणालो.

वारा वायव्येचा होता, लाटा राखाडी आणि लांबलचक. होडी वर चढली की काळे कडे दिसत आणि खाली उतरली की नुसतं पाणी. ट्रॉलर जाळं वर घेत जागीच उभा होता. दान्यालने मागे वळून पाहिलं. आमच्या चर्चचा कळस डोंगराच्या खाचेत बरोबर बसला होता. तो तसा दिसला की आपण परदेशी जहाजांना मनाई असलेल्या पाण्यात, ही आमची खूण.

"हद्दीच्या चांगलाच आत आहे," तो म्हणाला. "चल, हाइनी!"

आम्ही थेट जहाजाच्या मागे घुसलो. वरून खलाशांनी फेकलेली कोळशाची ढेकळं आली. मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिलो, आकडी ताडपत्रीच्या दोरीत अडकवली, ओढली. दोरी तुटेना!

"सुरी!" मी ओरडलो. "सुरी द्या!"

दोघांची वल्ही थांबली. हाइनी तर अपशकुन टाळायला पाण्यात थुंकण्यासाठी वाकला! तेवढ्यात लाट आली. होडी जहाजावर आदळली. एक वल्हं काडकन मोडलं.

"धारेची म्हणा, मास्तर! धारेची!"

"धारेची! धारेची द्या!"

दान्यालने ती फेकली. मी झेलली, कशी कोण जाणे. दोरी कापली. ताडपत्री सुटली आणि पांढरी अक्षरं समोर आली: एडिथ थॉर्नवेल.

कोळसा थांबला. वरून एक खलाशी इंग्रजीत काही ओरडला आणि दोराने एक टोपली खाली आली. कॉड माशांनी शिगोशीग भरलेली.

"मासे घ्या आणि विसरा, म्हणतोय," मी सांगितलं.

हाइनीची नजर टोपलीवरून हटेना. "मामा, घरी नुसते बटाटे आहेत."

"आपलेच मासे आपल्यालाच दान!" दान्यालने टोपली वल्ह्याने दूर ढकलली. "फिरव होडी!"

ट्रॉलरचं इंजिन धडधडलं. त्याच्या मागच्या लाटेने होडी अर्धी भरली. मी टोपीने पाणी उपसू लागलो. वारा वाढला, किनारा दिसेनासा झाला.

"ते नाव आम्हाला शिकवा, मास्तर," दान्याल म्हणाला. "एक जण जरी पोचला, तरी नाव पोचलं पाहिजे."

मग वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला आम्ही ओरडू लागलो. एडिथ! थॉर्नवेल! एडिथ! थॉर्नवेल!

"मास्तर, बाईचं नाव घेताना आज लाजला नाहीत!" हाइनी धापा टाकत म्हणाला.

"माझं काय होणार ते बघ," दान्याल म्हणाला. "हे झोपेत बडबडलो, तर बायको घराबाहेर काढेल मला!"

हसायला येत होतं, पण तोंडात खारं पाणी जात होतं. उपसत राहिलो. ओढत राहिलो. एडिथ! थॉर्नवेल!

किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या आणि सगळा गाव उभा होता. दान्यालची बायको सुनूवा कमरेएवढ्या पाण्यात शिरली, तिने होडीची कड घट्ट धरली. "सगळे आहात ना रे?"

दान्यालची बोटं वल्ह्यांवरून सुटत नव्हती.

"एडिथ थॉर्नवेल," तो म्हणाला.

सुनूवाने मागे वळून ते नाव पाठीमागच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या मागच्या बाईला. आम्ही होडी वर ओढून उभे राहिलो, तोवर ते नाव चढावरच्या शेवटच्या घरात पोचलं होतं.